मोठ्या आवाजाची माणसं

१७ मे २०२५, शनिवार. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम झाला. त्याला मी गेलो होतो. सूतगिरणीतली आठवड्याची मजुरी तिकिटात गेली, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. परत आल्यावर दोघांनी दोन प्रश्न विचारले. रिंग खात्यातला जोडीदार म्हणाला, "तेवढ्या पैशात घरावरचे दोन पत्रे बदलले असतेस की." आणि चळवळीतला एक जाणता दोस्त म्हणाला, "त्या बँडनं काळ्या माणसांना शिवी देणारं गाणं केलंय, माहिताय का तुला? तोंडानं पँथरचं नाव घेतोस आणि त्यांच्यापुढं नाचायला जातोस?"

जोडीदाराला काय सांगणार? पत्रा गळतोय ते खरंच आहे. दोस्ताला मात्र उत्तर द्यायचंय. ते एका वाक्यात बसत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

दोस्तहो, ही गाणी माझ्यापर्यंत आली ती मेमरी कार्डातून. अकरावी सोडून मी गिरणीत लागलो तेव्हा एक डिप्लोमावाला पोरगा फिटरच्या हाताखाली शिकत होता. सहा महिन्यांत तो पुण्याला गेला. जाताना त्याचं जुनं कार्ड मला देऊन गेला. आत दोनशेच्या वर गाणी, सगळी इंग्रजी. माझं इंग्रजी दहावी पास होण्यापुरतं. असंच एक लावलं. आधी गिटार कडाडली, मग एक माणूस जीव काढून ओरडायला लागला. काय म्हणतोय ते कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की हा माणूस कुणाला भिऊन आवाज खाली घेत नाही.

मग मी वही केली. डिक्शनरी घेऊन एकेक शब्द उतरवायचा, पुढं मराठी अर्थ लिहायचा. 'वेलकम टू द जंगल' हे गाणं गावातनं महानगरात आलेल्या पोराला शहर कसं गिळायला बघतं त्याचं आहे, हे कळायला मला आठ दिवस लागले. त्या बँडचा गायक ॲक्सल रोझ हा इंडियाना राज्यातल्या लाफायेत नावाच्या गावातनं लॉस एंजेलिसला आलेला. १९८५ ला तिथं बँड उभा राहिला, १९८७ ला त्यांची पहिली मोठी तबकडी आली. हे सगळं वाचलं आणि मला आज्याची आठवण झाली. आजा असाच १९६३ ला ट्रंक घेऊन मुंबईला गेला होता. त्याचं गाणं कुणी केलं नाही एवढाच फरक.

आता आवाजाविषयी.

रिंग खात्यात एका फ्रेमवर हजाराच्या वर चात्या असतात. एकेक चाती मिनिटाला सोळा-अठरा हजार फेरे घेते. अशा फ्रेमांच्या रांगा. कापसाचं रोवं हवेत तरंगतं, घाम सुकत नाही कारण सूत तुटू नये म्हणून हवा ओली ठेवलेली असते. धागा तुटला की पळायचं, बोटानं सांधायचं, पुढच्या चातीकडं जायचं. आठ तास हेच. बोलायचं तर कानात ओरडायचं, नाहीतर हाताच्या खुणा. पाळी सुटल्यावर बाहेर येऊनही माणसं ओरडूनच बोलतात. चहाच्या गाड्यावरचा मालक म्हणतो, भांडताय काय रे?

आजा मुंबईच्या गिरणीत होता तो रिंग खात्यातच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आजाही. परत आत गेलाच नाही. गावी आला तेव्हा पस्तिशीतला माणूस निम्मा बहिरा होता. त्यामुळं आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. आजीला सवय लागली, बापाला लागली, मला लागली. शाळेत बाई म्हणायच्या, "हळू बोल, हे काय तुझं घर आहे?" बँकेत, दवाखान्यात, तालुक्याच्या कचेरीत आमच्या माणसाला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते हेच, हळू बोला. ज्यांच्या घरात यंत्र नाही, ज्यांच्या घराला भिंती जाड आहेत, त्यांचा आवाज आपोआप मऊ होतो. मग तो मऊपणा संस्कार होतो, आणि आमचा आवाज गावंढळ.

मी वाचत गेलो तसं कळलं की हे जड, कान फाडणारं संगीत आमच्यासारख्याच कारखान्यांच्या गल्लीतनं आलंय. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचं लोखंडाचं शहर आहे. तिथं टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी यंत्रानं त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायची बोटं तीच. सगळ्यांनी सांगितलं, वाजवणं संपलं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांच्यावर चामडं चिकटवलं, गिटारला हलक्या तारा लावल्या, पुढं त्या सैलही केल्या. तारा सैल झाल्या तसा आवाज खाली उतरला, जड झाला, अंगावर येणारा झाला. १९७० ला त्यांच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी आली, आणि हेवी मेटल म्हणतात त्या संगीताची सुरुवात लोक तिथनं धरतात. त्या बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न. तोही कामगाराचाच पोरगा. कधी कत्तलखान्यात राबला, कधी गाड्यांच्या हॉर्नचा कारखाना बघितला.

आमच्या खात्यातल्या एका पोराचं बोट गिअरमध्ये गेलं. त्याला पट्टी बांधून घरी पाठवलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या जागेवर दुसरा बदली उभा होता. मी त्याला आयोमीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मला कुठं गिटार येत व्हती?" बरोबर आहे त्याचं. पण ती गोष्ट त्यानं मला दोनदा सांगायला लावली.

आता हलगीविषयी. ते टाळून पुढं जाता येत नाही.

आमच्या पणज्याकडं हलगी होती. गावात लग्न, जत्रा, कुस्तीचं मैदान, साहेबाची स्वारी, काही असलं की आमच्या वाड्यात निरोप यायचा. जायचं आणि वाजवायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. पुढं चालायचं, पण देवळाच्या पायरीपर्यंतच. पोटाला वरनं टाकलेली भाकरी. १९५६ ला बाबासाहेबांनी धम्म दिला. आमच्या वाड्यानं गावकीची कामं सोडली, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, वाजवणंही सोडलं. पणज्यानं हलगी फोडून चुलीत घातली असं आजी सांगते. तिनं स्वतः बघितलेलं नाही, तिला सासूनं सांगितलेलं. त्या दिवसापासून घरात चामड्याचं वाद्य आलं नाही. बुद्धवंदना आली, भीमगीतं आली, कॅसेट आली, पण हलगी नाही.

आणि मी त्या पणज्याचा पणतू, मला ढोलाचा ठोका ऐकला की पाय जागेवर ठेवता येत नाहीत. हे कुठं घेऊन जायचं? गावात वाजवायचं म्हणजे पुन्हा त्यांच्या मिरवणुकीत. आपल्या वस्तीत १४ एप्रिलला डीजे लागतो, तिथं मी मनसोक्त नाचतो. पण तिथंही साडेनऊला गाडी येऊन उभी राहते आणि आवाज कमी करायला सांगते. महिन्याभरानं दुसऱ्या कुणाचा उत्सव असला की तीच गाडी लांब झाडाखाली थांबते. कायदा दोघांनाही एकच आहे, रात्री दहाचा.

शुक्रवारी रात्री हातकणंगल्याला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये जनरल डब्यात घुसलो. बसायला दारापाशी जागा मिळाली. नाव महालक्ष्मी, जायचंही महालक्ष्मीला. पण ही गाडी तिथं जात नाही. मुंबईत उतरून लोकल बदलावी लागते.

शनिवारचा दिवस हातात होता म्हणून आधी वरळीला बीडीडी चाळीत गेलो. आजा तिथं गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा-पंधरा माणसं, पाळीप्रमाणं झोपायची. १९७२ ला याच मुंबईत दलित पँथर निघाली. अमेरिकेत १९६६ ला काळ्या पोरांनी काढलेल्या ब्लॅक पँथरवरनं नाव घेतलं. १९७४ च्या जानेवारीत वरळीत पँथरच्या सभेवर दगड आले आणि दंगल पेटली. आजा सांगायचा, रात्रपाळी सुटूनही चाळीत शिरता येत नव्हतं, दोन दिवस गिरणीच्या गेटवरच काढले. मी गेलो तेव्हा काही चाळी पाडलेल्या होत्या, काही पाडायच्या राहिल्या होत्या, मागं टॉवर उभे होते. एका म्हाताऱ्याला आज्याचं नाव विचारलं. त्यानं हात कानामागं नेला. तोही बहिरा. मी ओरडून विचारलं, तो ओरडून म्हणाला, "रिंग खात्यातला का? लई होते तसले."

मुंबईच्या गिरण्यांत आमची माणसं रिंग खात्यातच का भरलेली, हे नव्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो. विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. म्हणून ते खातं बंद. लाल बावट्याची युनियन होती, तरी बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. एका भोकाला तोंड लावण्याचा प्रश्न. आता तशा धोट्याचं काम उरलं नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आहेत. फिनिक्स मिलच्या मॉलमध्ये आज्यानं पाय ठेवला असता तर वॉचमननं विचारलं असतं, कुणाकडं जायचंय?

तिथनं चालत रेसकोर्सवर. महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर लोक धोबीघाटाचे फोटो काढत उभे होते. त्याच पुलावरनं काळ्या टी-शर्टांची रांग चालली होती. टी-शर्टवर कवट्या, बंदुका, गुलाब. माझ्याही अंगात काळा होता, बाजारातला, साधा. रेसकोर्स म्हणजे इंग्रजांच्या काळातलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. घोड्याला पळायला एवढी जागा, आणि समोर माणसं खुराड्यात. अलीकडं तिथं असे मोठे कार्यक्रम व्हायला लागलेत; २०२३ पासून लोलापलूझाचा मेळा तिथंच भरतो.

आत पुन्हा कप्पे. पुढचा कप्पा महाग, मागचा स्वस्त, मध्ये लोखंडी कठडे. आम्ही मागं. वर्गवारी बघायची तर तिकिटाच्या रंगावर दिसत होती. दमट हवा, घामानं सगळे सारखेच निथळत होते, एवढीच समता.

हा बँड आधी २०१२ च्या डिसेंबरात मुंबईत येऊन गेला होता, पण तेव्हा त्यात स्लॅश नव्हता. १९९६ ला भांडून गेलेला तो २०१६ ला परत आला. स्लॅश म्हणजे गिटारवाला, डोक्यावर उंच काळी टोपी, कुरळ्या केसांच्या झिपऱ्यांत तोंड झाकलेलं. खरं नाव सॉल हडसन. जन्म लंडनचा, १९६५ चा. बाप गोरा इंग्रज, आई काळी अमेरिकन, कपड्यांची डिझायनर. रॉकच्या पोस्टरवर जगभर ज्याचं चित्र लागतं तो अर्धा काळा आहे, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. कुणी सांगत नाही. त्या केसांकडं बघूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दिवस मावळला आणि ते आले. पहिलंच गाणं जंगलचं.

कसं सांगू. आधी ठोका छातीच्या फासळ्यांत बसतो, मग कानाला कळतो. जमीन हालते ती तळपायाला कळते. ड्रमवर आयझॅक कारपेंटर नावाचा त्याच वर्षी घेतलेला नवा माणूस होता. बेसवर डफ मकेगन. रिंग खात्यात मी रोज एवढाच आवाज ऐकतो. पण तो आवाज मालकाचा असतो. त्याला मी बंद करू शकत नाही, वाढवू शकत नाही, त्याच्या तालावर मला पळावं लागतं. इथं तेवढ्याच मोठ्या आवाजाला माणसाचा हात होता. माणूस म्हणेल तेव्हा थांबत होता. स्लॅशनं हात उचलला की हजारो माणसं गप्प, बोट ठेवलं की हजारो माणसांचा हंबरडा. यंत्राएवढा आवाज माणूस काढू शकतो, हे कामगाराला बघायला मिळालं पाहिजे. मी त्याच्यासाठी गेलो होतो.

आणि मी ओरडलो. सगळी गाणी मला वहीतनं पाठ होती. माझ्या उच्चाराला कुणी हसलं नाही, कारण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ॲक्सल रोझ तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता, त्याचा आवाज जुना राहिलेला नाही, वरच्या पट्टीत चिरकतो. त्याच्या चिरकण्यात आम्ही आमचा आवाज घातला. 'स्वीट चाइल्ड ओ माइन'ची सुरुवातीची धून स्लॅशनं काढली तेव्हा माझी बोटं आपोआप हलायला लागली. ती धून मी फ्रेमच्या घरघरीत कितीतरी वेळा गुणगुणलीय, धागा सांधता सांधता.

शेजारी चष्मेवाला एक पोरगा होता, मुंबईचाच, ऑफिसात काम करणारा. 'नोव्हेंबर रेन'ला ॲक्सल पियानोवर बसला तेव्हा तो रडत होता. त्यानं त्याची पाण्याची बाटली माझ्यापुढं केली. मी तोंड लावून प्यालो. मुद्दाम लावलं. त्यानं परत घेतली, तोंड लावून प्याला, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. धोट्याची गोष्ट माझ्या डोक्यात होती, त्याच्या नव्हती. दोन तास आम्ही गळ्यात गळे घालून होतो.

शेवटचं 'पॅरडाइज सिटी' झालं, दिवे लागले. बाहेर पडताना तो म्हणाला, "यार, मजा आली. नंबर दे." मग सहज विचारलं, "पूर्ण नाव काय?" मी सांगितलं. आमच्या आडनावाला कुठलं गाव लपवत नाही. तो म्हणाला, "अच्छा, अच्छा." फोन हातात होता, तो त्यानं खिशात घातला. बॅटरी संपली असेल. गर्दीचा रेटा आला आणि तो एका बाजूला गेला, मी एका बाजूला. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण त्या दोन तासांत जात गेली होती असं जर कुणी मला सांगायला आला, तर मी म्हणेन, गेली नव्हती, आवाजामुळं ऐकू येत नव्हती.

मैदान रिकामं होत होतं. हातात गोणपाट घेऊन बायका शिरल्या, प्लॅस्टिकचे ग्लास उचलायला. त्यांच्या बोलण्यावरनं कळलं, आमच्याच मुलखाच्या, आमच्याच माणसांच्या. एक मावशी मला म्हणाली, "काय रं, येवढं कशापायी वरडत व्हता? कोन मेलं काय?" मी म्हणालो, "मावशी, गाणी होती." ती म्हणाली, "गानी व्हय? आन मला वाटलं मोर्चा हाय." मी तिच्याबरोबर थोडे ग्लास उचलले. तिला ते आवडलं नाही. "तू तिकीट काडलंईस न्हवं? मग जा की घरला." रात्र स्टेशनात काढली आणि रविवारी सकाळची कोयना धरली.

आता दोस्ताचा प्रश्न.

होय, ते गाणं आहे. १९८८ च्या तबकडीवरचं 'वन इन अ मिलियन'. त्यात काळ्यांना, समलिंगी माणसांना, परदेशातनं पोटासाठी आलेल्यांना शिव्या आहेत. मी ते वहीत उतरवलंय, म्हणजे अज्ञानातनं बोलत नाही. लिहिलं ॲक्सलनं. स्लॅशला ते पटलं नव्हतं असं त्यानं मुलाखतीत सांगितलंय, तरी त्यात गिटार त्याची आहे. काळ्या आईच्या पोराची. याच्यावर मी पुष्कळ विचार केला. पोटासाठी, दोस्तीसाठी, टोळी फुटू नये म्हणून माणूस आपल्याच आईला दिलेली शिवी वाजवतो. आमच्यातही असले लोक आहेत, त्यांची नावं घ्यायला लागलो तर कागद पुरणार नाही. २०१८ ला त्यांनी जुनी गाणी पुन्हा मोठ्या पेटीत काढली, तेव्हा हे एक गाणं वगळलं.

पण १९८९ ला काय झालं ते सांगायचंय. ऑक्टोबर महिना, लॉस एंजेलिसचं मोठं स्टेडियम, मुख्य कार्यक्रम रोलिंग स्टोन्सचा. त्यांच्या आधी वाजवायला दोन बँड, एक गन्स अँड रोझेस आणि दुसरा लिव्हिंग कलर. लिव्हिंग कलर हा सगळ्या काळ्या पोरांचा रॉक बँड. त्यांचा गिटारवाला व्हर्नन रीड त्याच स्टेजवर उभा राहिला आणि त्या गाण्याबद्दल त्या गर्दीसमोर बोलला. तुमच्या मनात काळ्यांविषयी काही नसेल तर ते शब्द वापरू नका, एवढाच त्याचा मुद्दा. मग त्यानं गिटार वाजवली. घरी निघून गेला नाही. रॉक हे गोऱ्यांचं आहे, आम्हाला नको, असंही म्हणाला नाही.

का म्हणेल? मूळ घर त्याचंच आहे. सिस्टर रोझेटा थार्प नावाची काळी बाई चर्चची भजनं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची, तेव्हा हे रॉकवाले जन्मायचे होते. ती १९७३ ला गेली आणि तिच्या थडग्यावर कित्येक वर्षं दगडसुद्धा नव्हता. रॉकच्या मानकऱ्यांत तिचं नाव लागायला २०१८ उजाडलं. बिग मामा थॉर्नटननं 'हाउंड डॉग' आधी गायलं, एल्व्हिस प्रेस्लीनं १९५६ ला ते गायलं आणि जगानं ते त्याचं मानलं. वाजवणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हे आम्हाला नवं नाही. तमाशा कुणाचा, ढोलकी कुणाची, लावणी कुणाची, आणि शालूतल्या बाईचा सत्कार कुठल्या हॉलमध्ये होतो?

म्हणून दोस्ताला माझा उलटा सवाल आहे. तू कविता कुठल्या भाषेत लिहितोस? मराठीत. या मराठीत आपल्या जातीच्या नावाची शिवी आहे की नाही? म्हणींत आपण आहोत, ते कशासाठी आहोत? शाळेतल्या पुस्तकात नसलो तरी गावच्या पारावरच्या भाषेत आपण रोज आहोत. मग मराठी सोडलीस का? नाही सोडलीस. त्याच भाषेचं मानगूट धरून तिला बोलायला लावलंस. शिवी देणाऱ्याच्या समोर उभं राहून, त्याच स्टेजवर, शिवीला शिवी म्हटलंस आणि मग आपली कविता वाचलीस. व्हर्नन रीडनं दुसरं काय केलं? मी गन्स अँड रोझेसचा चाहता आहे. ते गाणं घाण आहे. ही दोन्ही वाक्यं माझीच आहेत आणि मी दोन्ही मोठ्यानं म्हणतो. चाहता म्हणजे भाट नव्हे.

त्याच वर्षी ५ जुलैला बर्मिंगहॅममध्ये, ब्लॅक सॅबथवाली पोरं जिथं वाढली त्या ॲस्टनच्या फुटबॉल मैदानावर त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. गन्स अँड रोझेसही त्यात वाजवायला होते. ऑझीला उभं राहता येत नव्हतं, तो खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी, २२ जुलैला गेला. टोनी आयोमी त्याही दिवशी त्याच टोपणांच्या बोटांनी वाजवत होता. मी ते फोनवर बघितलं, रात्रपाळीच्या सुट्टीत, आणि बोट गेलेल्या त्या पोराला पाठवलं. तो आता किराणा दुकानात आहे. त्यानं उत्तरात नुसता अंगठा पाठवला.

दिवाळीचा बोनस मिळाला तेव्हा मी हलगी घेतली. वस्तीतल्या एका पोराकडं जुनी गिटार आहे, दुसरा डब्यावर चांगला ठोका धरतो. तिघं मिळून काहीतरी करायचं ठरवलंय, शब्द माझे. हलगी घरी आणली तर आजी दारात आडवी उभी राहिली. "भाईर ठेव. त्यांनी चुलीत घातलेली तू पैसं दिऊन आनतूस?" मी तिला समजावलं. वाद्याचा दोष नाही आजी, निरोपाचा होता. त्यांचा निरोप आला म्हणून वाजवणं वेगळं आणि आपल्याला वाटलं म्हणून वाजवणं वेगळं. ती ऐकून घेत होती का नाही कळत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, आमच्या घरात सांगतात तसं. तीन दिवस हलगी दोस्ताच्या घरी होती. चौथ्या दिवशी आजीनंच विषय काढला.

"वाजीवणार कुठं?"

"आपल्या वस्तीत. बुद्धविहारापुढं."

"कोन बलवायला आलं तर?"

"तर आधी विचारीन, कशासाठी."

"पाटलाच्या दारात गेलास तर या घरात पाय ठिवायचा न्हाई," ती म्हणाली. मग हलगी उंबऱ्याच्या आत आली. ती अजून तिच्याकडं बघत नाही. पण संध्याकाळी मी वाजवायला बसलो की ती टीव्हीचा आवाज कमी करते.